शेवटच्या घरापासून हजेरी

आर्लिसने हजेरीची वही उघडली आणि चर्चच्या तळघरातला काट्याचमच्यांचा खणखणाट थांबला. आज वार्षिक सभेत हजेरीबरोबर मतही द्यायचं होतं. गावाची टेलिफोन सहकारी संस्था विकायची की ठेवायची, एवढाच प्रश्न. नाव पुकारलं की उभं राहायचं, एक शब्द बोलायचा आणि खाली बसायचं.

आकडे तिने जेवणाआधीच सांगून टाकले होते. नॉर्थ डकोटातले शेतकरी वाईट बातमी आणि रोस्ट बीफ एकाच ताटात वाढून घेतात, त्यांच्या भुकेला काही होत नाही. सरकारी अनुदान जानेवारीत बंद झालं होतं. त्याच्यावाचून संस्था चालवायची तर प्रत्येक घराचं बिल महिन्याला बावीस डॉलरने वाढणार. विकायची तर शहरातली मोठी कंपनी प्रत्येक सभासदाला दोन हजार डॉलर रोख देणार. फक्त उत्तरेच्या टेकड्यांमधली एकोणीस घरं तिला नको होती. बेचाळीस मैल तार आणि घरं एकोणीस, कंपनीला ते परवडणारं नव्हतं. त्या घरांचं पुढे काहीतरी बघता येईल, असं कंपनीचा निळ्या कोटातला माणूस फार गोड आवाजात म्हणाला होता.

टेकड्यांत मोबाइलला रेंज येत नाही. गेल्या फेब्रुवारीच्या बर्फात लोर्ना क्वालच्या नवऱ्याच्या छातीत कळ आली, तेव्हा तिने याच तारेवरून फोन केला म्हणून तो वाचला. आता तो तिच्या शेजारी बसून लिंबाच्या केकचा तिसरा तुकडा खात होता.

सव्वीस वर्षं संस्था सांभाळणाऱ्या आर्लिसला आज एका जुन्या रीतीचा आधार वाटत होता. इथे हजेरी तारेच्या शेवटच्या घरापासून घेतात. लांबच्यांना धारा काढायला वेळेवर घरी पोचायचं असतं, म्हणून त्यांची नावं आधी आणि गावातल्यांची मागून. ज्यांचा फोन जाणार ते आधी ‘ठेवा’ म्हणतील, आणि मग त्यांच्या तोंडावर ‘विका’ म्हणायला गावातल्या कुणाची जीभ रेटणार नाही, असं तिने मनाशी धरलं होतं. ती माणसं कोण आहेत हेच ती विसरली होती.

‘‘लोर्ना क्वाल.’’

चौऱ्याऐंशी वर्षांची लोर्ना टेबलाला धरून उठली. ‘‘विका,’’ ती म्हणाली.

आर्लिसने पेन टेकवलंच नाही. ‘‘लोर्ना, तुमचा फोन जाईल.’’

‘‘ठाऊक आहे गं मला. पण आमच्यापायी सगळ्या गावाने बावीस डॉलर का भरायचे? आम्ही कधी कुणाला भार झालो नाही.’’

पुढचं नाव रूडी स्टाइनवँडचं. विका. त्याच्या पुढचं त्याच्या बहिणीचं. विका. टेकड्यांतली एकोणीस घरं एकेक करून उठली आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेऊन शांतपणे खाली बसली. घराला आग लागली तरी शेजाऱ्याची झोप मोडू नये म्हणून हळू आवाजात हाक मारतील अशी ही माणसं. आर्लिसला त्यांचा भयंकर राग आला आणि रडूही आलं. कोपऱ्यात बसलेल्या निळ्या कोटाने आणखी कॉफी मागून घेतली.

आता गावातली घरं सुरू झाली. पहिलंच नाव डेल्बर्ट श्ट्रोहचं. डेल्बर्ट गॅरेजवाला. बिल अर्ध्या डॉलरने वाढलं तरी संस्थेच्या दारात येऊन तासभर भांडायचा. गॅरेजचं छप्पर गळतंय आणि दोन हजारांत ते नवं होतंय, हे त्यानेच गावभर सांगितलं होतं.

तो उठला, पण आर्लिसकडे न बघता टेकडीवाल्यांच्या टेबलाकडे वळला.

‘‘आमचे पैसे वाचवा म्हणून तुम्हाला कुणी सांगितलं होतं?’’ तो म्हणाला. ‘‘चाळीस वर्षं तुमचे ट्रॅक्टर मी दुरुस्त करतोय. ट्रॅक्टर बंद पडला हे मला कळणार कसं? खिडकीत बसून टेकडीकडे बघत राहू? लिही आर्लिस, ठेवा. बिल वाढवायचं तेवढं वाढव. मी भांडायला येणारच आहे.’’

कुणीतरी खुदकन हसलं. बँकेतल्या माणसाने मात्र बुटांकडे बघत ‘विका’ म्हटलं. नवं घर बांधणाऱ्या जोडप्यानेही तेच म्हटलं, आणि त्यांना कुणी बोल लावला नाही. मधूनमधून आणखी तीसेक ‘विका’ आले, पण बाकीचे ‘ठेवा’ म्हणत गेले. आवाज चढत गेला. शेवटी शेवटी तर लोक नाव पुकारायच्या आधीच उठू लागले, आणि आर्लिसला त्यांना दटावून खाली बसवावं लागलं.

विका एक्कावन्न, ठेवा सत्त्याण्णव. तिने आकडे दोनदा वाचून दाखवले, दुसऱ्यांदा नुसत्या आनंदाने.

निळ्या कोटाने बॅग आवरली. पुढच्या वर्षीही अनुदान नसेलच, तेव्हा पुन्हा मत घेता येईल का, असं त्याने विचारलं.

‘‘घेऊ की,’’ आर्लिस म्हणाली. ‘‘या तुम्ही. जेवण असतंच.’’

तेवढ्यात लोर्नाने हात वर केला. आपलं मत बदलून मिळेल का, असं ती विचारत होती. नियमात बसत नाही, आर्लिसने सांगितलं.

लोर्नाने निळ्या कोटाकडे पाहिलं आणि क्षणभर विचार केला.

‘‘राहू दे मग आमची एकोणीस मतं यांच्याकडेच,’’ ती म्हणाली. ‘‘एवढ्या लांबून आलेत. अगदीच रिकाम्या हातानं कसं पाठवायचं?’’