सोनेरी रॅकर

मुलीचं स्थळ पाहताना केली नव्हती एवढी चिकित्सा दिगंबरराव खर्डेकरांनी पिस्तुलाचा रॅकर निवडताना केली. रॅकर म्हणजे स्लाइड, पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढायची बोटभर मूठ. तो डावीकडे शोभेल की उजवीकडे, काळा की सोनेरी, यावर त्यांनी अख्ख्या नेमबाजी क्लबचं डोकं खाल्लं. शेवटी सोनेरी आणला आणि स्क्रूला गोंद लावून स्वतःच्या हाताने बसवला.

खंडेनवमीला पिस्तूल पूजेच्या पाटावर आलं.

"आधी ती स्लाइड बंद करा," बायको म्हणाली.

"उघडी असली की रॅकर उठून दिसतो. तुला यातलं काय कळतं?"

हळदकुंकू, फुलं, अक्षता, सगळं यथासांग झालं आणि फोटो क्लबच्या ग्रुपवर गेला.

रविवारी स्पर्धेत पंचबाईंनी पिस्तूल भरायला सांगितलं. सगळ्यांना दिसेल अशा ऐटीत दिगंबररावांनी रॅकर ओढला. स्लाइड अर्ध्यावरच अडकली. घाम फुटेपर्यंत ओढूनही हलेना. शेवटी पंचबाईंनी गोळ्यांचं मॅगझिन काढून पिस्तूल हलवलं, तेव्हा त्यांच्या तळहातावर कुंकवाने माखलेले तांदूळ घरंगळले.

"खर्डेकर, अक्षता पडल्या," त्या म्हणाल्या. "आता पंगतीला बसा."