प्रोसेसरचा ताप

चौथ्यांदा कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा मंजुळाने माउस टेबलावर आदळला. पैठणीच्या पदराची नक्षी संध्याकाळपर्यंत विणकराकडे पोचली नाही, तर माग रिकामा राहणार होता.

"वहिनी, प्रोसेसरचा वेग एकेक पायरीनेच वाढवा," कॉम्प्युटर विकणारा दुकानदार फोनवरून पुन्हा बजावत होता. "दर पायरीला तापमान बघा. आतल्या पेशी जिवंत आहेत, त्यांना ताप चढतो."

"दरवेळी विचारतेय की त्याला!" मंजुळा खेकसली. तिने वेग आणखी एक पायरी वाढवला. "काय रे, कसं वाटतंय?"

"बरं आहे," कॉम्प्युटर म्हणाला. "वाढवा अजून."

"त्याला कसलं विचारता? थर्मामीटर लावा!" दुकानदार फोनवर ओरडला.

चरफडतच तिने कपाटातला थर्मामीटर आणून प्रोसेसरच्या डबीला टेकवला. एकशे चार!

"मेल्या, खोटं का बोललास?"

"या घरात ताप आला की असंच म्हणतात ना?" कॉम्प्युटरने विचारलं. "सोमवारपासून तुम्ही सगळ्यांना हेच सांगताय."

मंजुळाने वेग उतरवला. मग थर्मामीटर पदराला पुसून तिने जिभेखाली धरला.