जा म्हणू नये

"हं, आता गंमत बघा," म्हणत चारुदत्तने टीव्हीवरचा व्हिडिओ पुन्हा मागे नेला. समोरच्या फ्लॅटमधल्या नूरजहाँला तो हे तिसऱ्यांदा दाखवत होता. ईदच्या सुट्टीत तो आणि बायको प्रमिला युगांडाच्या जंगलात गोरिला बघायला गेले, तेव्हा त्यांची पाच वर्षांची शुभ्रा हिच्याकडेच राहिली होती. पंधराच्या आतल्या मुलांना तिथं मनाई. म्हणजे बिचारीने पोरही सांभाळायचं आणि वर व्हिडिओही बघायचा.

पडद्यावर झाडीत एक मादी बसली होती, छातीशी पिल्लू घेऊन. गाईड मधूनमधून घसा खाकरायचा. "ऊं-हूं. ऊं-हूं." गोरिलांच्या भाषेत त्याचा अर्थ, आम्ही आलोय, घाबरू नका. निघायची वेळ झाली आणि मास्कमधून प्रमिलाचा आवाज आला, अगदी हळदीकुंकवाहून निघाल्यासारखा, "येते हं! या की एकदा शारजाला. बाळाला घेऊन या!"

चारुदत्त खो खो हसला. "बघा! जंगलात जाऊनसुद्धा बाई आमंत्रण देऊन आल्या."

प्रमिलाही लाजून हसली. नूरजहाँ मात्र हसली नाही. ती पुढे वाकून पडद्याकडे बघत होती.

"बच्चा हिलरा काइकू नईं, भाभी?"

प्रमिलाने आत्ता कुठे नीट पाहिलं. पिल्लाचा हात खाली लोंबत होता. आई त्याच्या तोंडावरच्या माश्या हाकलत होती. चारुदत्तने घाईघाईने रिमोट दाबला.

"तुला सांगणार नव्हतो," तो म्हणाला. "गाईड म्हणाला, आठवडा झाला होता जाऊन. आया सोडत नाहीत म्हणे. तसंच घेऊन फिरतात."

मेलेलं लेकरू कवटाळून बसलेल्या आईला आपण म्हटलं, बाळाला घेऊन या! जीभ झडली कशी नाही आपली? रिकाम्या पडद्याकडे बघवेना, म्हणून प्रमिला उठून कप गोळा करायला लागली.

"चलती, भाभी. मगरिब की नमाज का वक्त हो रहा." नूरजहाँ उठली. जाताना तिने शुभ्राच्या डोक्यावरून हात फिरवला.

"ओके, गो आंटी!" गालिच्यावर बाहुलीला निजवत शुभ्रा म्हणाली.

"गो काय गो? निघालेल्या माणसाला जा म्हणू नये. ये म्हणावं."

"बट शी इज गोइंग, मम्मा!"

"तरी ये म्हणायचं. जा म्हटलं की माणूस परत येत नाही."

"ये हं," शुभ्रा तोंड फुगवून म्हणाली. पोरगी सगळं इंग्रजीतून बोलते तर बोलो, पण एवढं एक तिला आलंच पाहिजे, असा प्रमिलाचा हट्ट होता.

नूरजहाँपाठोपाठ चारुदत्तही खालच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, दूध आणायला गेला. बाहेर अजान झाली. प्रमिला देवाजवळ दिवा लावत होती, तेवढ्यात दाराशी कुणीतरी घसा खाकरला.

"ऊं-हूं."

"आला बाई आमचा टवाळखोर!" ती हात पुसत दाराकडे गेली. कडीला हात लावला आणि ओट्यावरचा फोन वाजला. तिने धावत जाऊन उचलला.

"अगं, फुल क्रीम आणू की लो फॅट?" चारुदत्त विचारत होता.

"तू कुठे आहेस?"

"बकाल्यात. का गं?"

"ऊं-हूं," दाराबाहेरून आवाज आला.

फोन तसाच ओट्यावर ठेवून ती दाराच्या भिंगाला डोळा लावून उभी राहिली. बाहेर सगळं काळं. कॉरिडॉरचा दिवा तर कधीच बंद नसतो. दाराखालच्या फटीतून वास आत येत होता, ओल्या पाल्याचा आणि घामाचा. शारजाच्या चाळीस डिग्रीत ओला पाला कुठला? हा वास तिने एकदाच घेतला होता, त्या डोंगरावर. मग खाली, गुडघ्याच्या उंचीवर, दाराला काहीतरी मऊ घासून गेलं.

तिने शुभ्राला ओढून पाठीशी घेतलं. आपल्या घरात जितंजागतं पोर आणि दाराशी पोर गेलेली आई. काय हवं असेल तिला? भीती तर वाटत होतीच. आणि खरं सांगायचं तर तितकीच तिची कीवही येत होती, कारण बोलावलं होतं ते आपणच. पण दार उघडायचं नाही, काही झालं तरी नाही.

जो शब्द तिने आयुष्यात दारातल्या कुणापुढे उच्चारला नव्हता, तो तिने दाराला तोंड लावून उच्चारला.

"जा."

तिने दोन्ही तळवे दारावर टेकले.

"जा गं बाई. माझं चुकलं. मी आपलं म्हणायचं म्हणून म्हटलं होतं."

मग कुणीतरी जड अंगाने उठल्यासारखं वाटलं आणि पावलं हळूहळू जिन्याकडे निघाली. भिंगातून पुन्हा पिवळा उजेड आला. प्रमिला तिथेच फरशीवर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली.

शुभ्रा बाहुली कडेवर घेऊन तिच्याकडे बघत राहिली. मग रागावून म्हणाली, "मम्मा, यू सेड जा!"

आणि कुणी अडवायच्या आत ती फटीपाशी वाकली, आणि आईने शिकवलं होतं तसं, स्वच्छ मराठीत म्हणाली, "ये हं!"

जिन्यावरची पावलं थांबली.