टकटक झाली की दार

रोह्याच्या कॉलेजात क्षयाचे जंतू ठेवायच्या खोलीच्या दाराला आतून मूठ नव्हती. बरबटलेल्या हाताने कुणी मूठ धरू नये, हा त्यामागचा विचार. आतल्या माणसाने तिथल्याच बेसिनवर हात धुवायचे आणि दाराच्या काचेवर टकटक करायची. दार उघडायचं ते बाहेर बसलेल्या कमळाकरने. अख्ख्या नोकरीत एवढा एकच निर्णय त्याच्या हातात होता.

दुपारी टकटक झाली. कमळाकरने मूठ फिरवली. आत जंतूंवर काम करणाऱ्या नमिता मॅडम दोन्ही हात वर धरून बाहेर आल्या आणि मागे दार आपोआप लागलं.

"काका, एवढ्यात कसं उघडलंत? हातात कुपी फुटलीय माझ्या. धुवायला निघाले, तर दार उघडं दिसलं. सवयीने आले बाहेर."

"टकटक तुम्हीच केलीत ना?"

"या हातांनी?"

"मग जावा परत, धुवा. त्यात काय हाय!"

त्याने मुठीकडे हात नेला, तोच आत नळ सुरू झाला.

"आत कोण हाय, मॅडम?"

"मी एकटीच होते."

दोघांनी काचेतून पाहिलं. खोली रिकामी होती. नळाची धार मात्र सरळ पडत नव्हती; बोटांमधून गळावी तशी अडून, फुटून पडत होती.

"थांबू जरा," कमळाकर सपाट आवाजात म्हणाला. "बेसिन एकच हाय."

नळ बंद झाला. काचेवर टकटक झाली, अगदी रीतसर.

"काका, उघडू नका."

कमळाकरने खाली पाहिलं. सवयीने त्याच्या हाताने मूठ फिरवून झाली होती.