मधली रेघ

दादाने बॅग भरून दाराशी ठेवली आणि मग कुठे टीव्हीसमोर मांडी घातली. "चल गं चिंगे, गाडीला वेळ आहे अजून. खेळू या."

तो सुट्टीला घरी आल्यापासून ती याचीच वाट बघत होती. व्हिडिओ गेम तोच, लहानपणचा. आता रंगरंगोटी करून नव्याने काढलेला. दोन घोडेस्वार, डोंगर, दरोडेखोर. दोघं जवळ असले की अख्ख्या पडद्यावर एकच चित्र. लांब गेले की मधोमध काळी रेघ पडायची आणि ज्याचा त्याचा पडदा वेगळा. लहानपणी ती रेघ पडली की ही रडकुंडीला यायची, आणि दादा कुरकुरत घोडा वळवून परत यायचा.

नव्या खेळात एक गोष्ट जास्तीची होती. काही केलं की कोपऱ्यात सोनेरी कप चमकायचा. पूल जाळला, कप. बाण नेमका लागला, कप. कोणता कप कुठे मिळतो, ते दादा मोबाइलवर बघून बघून खेळत होता.

"हे गाव सोड, इथलं झालंय माझं. डावीकडे घे. अगं, फुलं काय बघत बसलीस, त्याचं काही मिळत नाही!"

"मोठा आलाय सरदार," ती पुटपुटली आणि त्याच्यामागे घोडा दामटला.

आईने आतून डोकावलं. "चांगले घोडे झालात दोघं, आणि अजून हेच? बरोबर काय देऊ, ते तरी सांग."

"काही नको गं," दादा पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

मग एकाएकी त्याने घोडा नदीकडे वळवला. काठावर पडकी झोपडी, तिच्यापुढे सपाट खडक. दादाचा स्वार खाली उतरला आणि खडकावर जाऊन बसला.

तिचा हात थबकला. हाच तो खडक. शाळेतून आलं की दोघं इथेच येऊन बसायची. करायचं काही नाही, फक्त मासा उडायची वाट बघायची. "दिसला!" म्हणून दादा असा ओरडायचा की शेजारचे काका भिंत ठोकायचे.

तिनेही आपला स्वार त्याच्याशेजारी बसवला. पडदा एक झाला. दादा मधूनच घड्याळाकडे बघत होता. गाडीची वेळ होत आली असणार. तरी बसला होता. तिकडे एकट्याला करमतं का रे, हे इतके दिवस ओठांवर आलेलं आता विचारावं, असं तिला वाटलं.

"दादा—"

टिंग. कोपऱ्यात सोनेरी कप. 'नदीकाठी दहा मिनिटं निवांत.'

"आला!" दादाने मांडीवर थाप मारली. "हाच अडला होता कधीचा. एकट्याने होतच नाही, दोघं लागतात. तुझ्याही नावावर जमा झाला बघ. चल, ऊठ."

"थोडं बसू ना."

"आता काय आहे तिथे?" त्याचा स्वार घोड्यावर चढलासुद्धा. "काय म्हणत होतीस?"

"काही नाही."

टापा वाजत दूर गेल्या. पडद्याच्या मधोमध रेघ पडली. त्याच्या बाजूला धूळ, डोंगर, मागे पळणारी झाडं. तिच्या बाजूला खडक आणि पाणी.

तिने बोट हलवलं नाही. पाण्यातून मासा उडाला, चांगला मोठा.

"दिसला," ती हळूच म्हणाली.