एकशे चार नंबरची खोली

हॉटेलात कुणाला कुठली खोली द्यायची, हे काउंटरवरच्या बाई ठरवायच्या. स्वस्तातल्या वेबसाइटवरून आलेल्या बुकिंगपुढे यादीत फुली असायची. फुली दिसली की बाई नावसुद्धा वाचायच्या नाहीत, सरळ एकशे चार. लिफ्टला खेटलेली खोली, खिडकी उघडली की समोर भिंत. “निम्म्या पैशात काय समुद्र दाखवू?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्या दिवशीही एका फुलीपुढे त्यांनी एकशे चार लिहिलं, यादी काउंटरवरच्या दुसऱ्या मुलीकडे सरकवली आणि जेवायला गेल्या. परत येऊन बघतात तो काय, सोफ्यावर त्यांचे वडील चपला काढून, ऐसपैस मांडी घालून बसलेले!

“बाबा! अहो, कळवायचं तरी!”

“कशाला? तुझ्या ओळखीनं राहिलो असतो तर तुलाच बोल लागला असता. शेजारच्या सुनेनं वेबसाइटवरून बुकिंग करून दिलं. पण अगं, खोली काय झकास मिळालीय! दार उघडलं की लिफ्ट, तुझ्या आईच्या गुडघ्यांना चार पावलं जास्त नकोत. खिडकीसमोर भिंत, म्हणजे उन्हानं तिची अर्धशिशी उठायला नको. टेकल्या टेकल्या डोळा लागला तिचा.”

बाईंनी यादी ओढून घेतली आणि फुलीपुढचं नाव पहिल्यांदाच वाचलं.

“ज्या कुणी ही खोली आमच्यासाठी निवडली ना,” बाबा कौतुकानं म्हणाले, “त्याला आईबापांनी वळण चांगलं लावलंय हो!”