मारव्यातला पंचम

शाल्मलीने घसा साफ केला आणि तिच्याच तोंडून अप्पांचा आवाज आला, “पुन्हा गार पाणी प्यायलीस? गाढव!”

अप्पांना, तिच्या वडिलांना, जाऊन वर्ष झालं होतं. त्यांचा आत्मा शाल्मलीच्या गळ्यात बसवलेल्या यंत्रात होता. मैफलीत तोच गायचा. श्वास तेवढा तिला घ्यावा लागे.

“काढून टाक हे,” ती भावाला, मुकुंदला म्हणाली. “गळा माझा आहे.”

“आत्मा अमर असला तरी गायला गळा लागतोच ना! घराण्यासाठी एवढंही जमत नाही तुला?” मुकुंद खेकसला. “जा. मारवा आहे आज.”

मारवा रागात पंचम हा सूर वर्ज्य. लहानपणी तो चुकून लागला म्हणून अप्पांनी तिच्या थोबाडीत मारली होती. दुसऱ्या कुणी लावला, तर ते भर मैफलीतून उठून चालते व्हायचे. आजही तानपुऱ्याची पहिली तार पंचमात नव्हती, निषादात होती.

मैफल रंगली. अप्पांची तान संपली, शाल्मलीने श्वास घेतला आणि अप्पांच्या आधी तिनेच सूर लावला. पंचम. सरळ आणि लांबलचक.

“नालायक कार्टे! बंद कर!” अप्पा तिच्याच तोंडून ओरडले.

तिने पुन्हा श्वास घेतला आणि पुन्हा पंचमच लावला. गळ्यातलं यंत्र चटका बसावा इतकं तापलं, मग गार पडलं. अप्पा उठून गेले होते.

“घालवलंस त्यांना!” मुकुंद विंगेतून किंचाळला. श्रोते उभे राहून शिव्या घालत होते.

शाल्मली तानपुरेवालीकडे वळली. “तार पंचमात लाव,” ती म्हणाली.